सुगरणीचें घर बांधतो कोण?

पक्षी घरटें कशासाठीं बांधतात, असा प्रश्न एखाद्या शाळकरी मुलास विचारला, तर तें तत्काळ उत्तर देईल कीं, अंडीं घालण्यासाठीं आणि पिलें वाढविण्यासाठीं. हें उत्तर बरोबर आहे. परंतु तें पुरतें नाहीं. पक्ष्यांच्या जगांत कांहीं बांधकामें अशीं आहेत कीं, त्यांत अंडें कधींच पडत नाहीं. आणि कांहीं अशीं आहेत कीं, तीं पुरीं होण्यापूर्वींच त्यांचें निम्में कार्य उरकलेलें असतें. संसार करणें हा नव्हे, तर संसार जमविणें हा त्यांचा पहिला हेतु असतो. अशा कारागिरांपैकीं एक पक्षी थेट आपल्या दाराशीं, पनवेल-उरणच्या भातखाचरांच्या कडेला राहतो. त्याचें नांव सुगरण. तिचें राहण्याचें ठिकाण, तिच्या लग्नाची रीत, आणि नव्या मुंबईच्या वाढत्या वस्तींत तिच्यापुढें उभा राहिलेला प्रश्न, यांविषयीं आज चार शब्द सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम थोडें दूर जाऊं. ऑस्ट्रेलियांत व न्यू गिनी बेटावर कांहीं पक्षी आहेत. त्यांस मराठींत कुंजपक्षी म्हणावयास हरकत नाहीं. त्यांच्या वीसएक जाती आहेत. त्यांपैकीं पूर्व ऑस्ट्रेलियांतील एका जातीचा नर निळसर काळ्या रेशमासारखा चकचकीत असतो, आणि हा रंग अंगावर चढण्यास त्याला सुमारें सात वर्षें लागतात. हा नर रानांतील जमीन झाडून साफ करतो, तींत बारीक काटक्या उभ्या रोवून दोन समांतर भिंती रचतो आणि मध्यें लहानशी बोळ ठेवतो. बोळीपुढच्या अंगणांत तो वस्तु मांडतो. निळा रंग त्याच्या विशेष आवडीचा. पोपटांचीं निळीं पिसें, निळीं फुलें, आणि अलीकडे माणसांनीं फेंकलेलीं बाटल्यांचीं निळीं झांकणें! पाला चघळून त्याच्या रसानें तो भिंतींना रंगहि देतो. शेजाऱ्याच्या अंगणांतील एखादें निळें पीस पळविणें, संधि सांपडल्यास त्याचा कुंज मोडून टाकणें, हे प्रकारहि तेथें चालतात. मादी येते, बोळींत उभी राहते, नराचें नाचणें व चित्रविचित्र आवाज शांतपणें पाहते-ऐकते. पसंत पडल्यास मीलन होतें आणि ती निघून जाते. पुढें झाडावर आपलें साधें घरटें ती एकटी बांधते आणि एकटीच पिलें वाढविते. त्या शोभिवंत कुंजाचा उपयोग तेवढ्यापुरताच. चार्ल्स डार्विन यानें १८७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथांत या पक्ष्यांचा दाखला घेतला आहे. मादीची आवडनिवड हीहि सृष्टि घडविणारी एक शक्ति आहे, हें त्याचें म्हणणें.

कुंजपक्षी आपल्या देशांत नाहीं. परंतु त्यानें उभा केलेला प्रश्न, म्हणजे मादी नेमकें काय पाहून वर निवडते, हा आपल्या सुगरणीच्या बाबतींतहि उभा राहतो; आणि त्याचें उत्तर शोधण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न मुंबई बंदराच्या पलीकडे, आपल्या रायगड जिल्ह्यांतच झाला आहे.

सुगरण हा चिमणीएवढा पक्षी. लांबी सुमारें १५ सेंटिमीटर. चोंच आंखूड, जाड व दाणे फोडण्यास योग्य. वर्षाचे बरेचसे महिने नर व मादी दोन्हीं मातकट रंगाचीं असतात. तीं चिमणीच्या मादीसारखीं दिसत असल्यामुळें त्यांच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु पावसाळा जवळ आला म्हणजे नराचा वेष पालटतो. डोकें व छाती पिवळीधमक होतात आणि गाल व गळा गडद तपकिरी होऊन जणुं मुखवटा चढविल्यासारखा दिसतो. मादी मात्र पहिल्यासारखीच राहते.

येथें नांवाची एक गंमत सांगितली पाहिजे. मराठींत आपण या पक्ष्याला सुगरण म्हणतों, म्हणजे स्त्रीलिंगी नांव देतों. खानदेशांतील बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यानें सुगरणीचा खोपा महाराष्ट्रांत घरोघर पोंचविला. त्यांचीं गाणीं १९५२ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. उपदेश करणाऱ्या पक्ष्याची आणि त्याचें घरटें विसकटणाऱ्या माकडाची पंचतंत्रांतील गोष्टहि आपण मुलांना सुगरणीची म्हणूनच सांगतों. घर नीटनेटकें ठेवणारी ती स्त्री, या आपल्या अनुभवावरून हें नांव पडलें असावें. परंतु हा खोपा विणणारा कारागीर नर आहे. मादी त्यांत शेवटचा हात फिरविते. आंतल्या बाजूस मऊ गवत वगैरे घालते. मूळ विणकाम सर्वस्वीं नराचें.

आतां तिचें राहण्याचें ठिकाण पाहूं. सुगरण घनदाट अरण्यांतली नव्हे. तिला मोकळें रान, शेत व गवताळ जागा लागते. तिच्या वस्तीला तीन गोष्टी जवळजवळ असाव्या लागतात. पहिली, खोपा टांगण्यास योग्य झाड: शिंदी, ताड, नारळ किंवा बाभूळ. दुसरी, विणण्यास लांब पात्याचें ओलें गवत किंवा भाताची पात. तिसरी, दाणे व किडे मिळतील असें शेत किंवा पड जमीन. मोठीं पांखरें गवताचें बीं व धान्य खातात. परंतु पिलांना वाढीसाठीं किडे भरवावे लागतात. या तिन्ही गोष्टी पावसाळ्यांत एकदम मिळतात, म्हणून सुगरणीचा लग्नसराईचा हंगामहि पावसाळाच. गवत कोंवळें व लांब असतें, तेंच विणतां येतें. वाळलेली पात वाकविली तर मोडते. शिवाय खोपा पाण्यावर लोंबत असला तर अधिक सुरक्षित. म्हणून विहिरीवर झुकलेली शिंदी किंवा तळ्याकांठची बाभूळ ही सुगरणीची आवडती जागा. एकेका झाडाला दहा-वीस खोपे लोंबत असलेले दिसतात. ही वस्ती समूहानेंच होते. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो. खोपे बहुतेक झाडाच्या पूर्व बाजूस, म्हणजे आडोशाला, टांगलेले असतात.

विणकामाची रीत अशी. नर गवताच्या लांब पात्यावर बसतो, पात्याच्या कडेला खालच्या बाजूस चोंचीनें खांच पाडतो, ती कड चोंचींत घट्ट धरतो आणि उडतो. उडण्याच्या ओढीनें पात्याची अरुंद लांब पट्टी फाटून येते. या पट्ट्या वीसपासून साठ सेंटिमीटरपर्यंत लांब असतात. एक खोपा पुरा करण्यास अशा सुमारें पांचशें फेऱ्या घालाव्या लागतात. हातांत सुई नाहीं, दोरा नाहीं, टेंकावयास जागा नाहीं. सर्व काम एका चोंचीचें व दोन पायांचें. पहिल्या पट्ट्या फांदीच्या किंवा झावळीच्या टोंकाला गुंडाळून, गांठ मारून पक्क्या केल्या जातात. त्यांपासून एक दांडा खालीं उतरतो, दांड्याला एक कडें विणलें जातें, आणि त्या कड्यांत बसून नर पुढचें सारें काम करतो. कड्याच्या एका बाजूला फुगवटा येतो, तेथें पुढें अंडीं राहावयाचीं. दुसऱ्या बाजूला प्रवेशाची नळी उतरावयाची. या मधल्या अवस्थेंत खोपा शिपायाच्या शिरस्त्राणासारखा दिसतो, आणि खालचें आडवें कडें हनुवटीखालच्या पट्ट्यासारखें. येथवर येण्यास सुमारें आठ दिवस लागतात. सगळा खोपा पुरा होण्यास सुमारें अठरा.

आणि नेमका येथेंच नर थांबतो. कां थांबतो? येथून या कथेचा खरा रंग सुरू होतो.

अर्धवट खोपे लोंबतांना पाहून लोकांनीं निरनिराळे तर्क केले होते. कोणी म्हणत, मादी अंडीं उबवीत असतां नराला बसून झोके घेण्यासाठीं हे पाळणे असतात. कोणी म्हणत, हे टाकून दिलेले बिघडलेले खोपे. याचा उलगडा ज्यानें बारकाईनें केला, तो मनुष्य म्हणजे सालीम अली. मुंबईंत १८८३ सालीं स्थापन झालेल्या निसर्ग इतिहास संस्थेशीं त्यांचें नांव कायमचें जोडलेलें आहे. पक्षिविद्येचें शिक्षण घेऊन ते १९३० सालीं जर्मनीहून परत आले, तेव्हां त्यांची पूर्वींची संग्रहालयांतील जागा उरलेली नव्हती. नोकरीवांचून असलेला हा तरुण पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम गांवीं, तिच्या माहेरच्या समुद्रकांठच्या घरीं राहावयास गेला. घराजवळ सुगरणींची वस्ती होती. त्या पावसाळ्यांत त्यांनीं त्या वस्तीचें रोज निरीक्षण केलें, नोंदी ठेवल्या, आणि १९३१ सालीं त्यांचा लेख संस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. रिकामपणाच्या त्या एका पावसाळ्यानें त्यांचें नांव शास्त्रज्ञांत झालें. पुढें आकाशवाणीवरूनहि त्यांनीं पक्ष्यांविषयीं अनेक भाषणें दिलीं.

किहीमला त्यांना जें दिसलें तें असें. प्रथम झाडावर नुसते नरच येतात. प्रत्येकजण आपापली जागा धरून विणूं लागतो. खोपे शिरस्त्राणाच्या आकाराला आले म्हणजे एके दिवशीं माद्यांचा घोळका येतो. तो येतांच सगळ्या नरांची एकच तारांबळ उडते. प्रत्येकजण आपल्या खोप्याला लोंबकळून पंख फडफडवितो आणि लांब शीळ घालतो. मादी मात्र त्या गडबडीला भुलत नाहीं. ती सरळ एकेका खोप्यांत शिरते, इकडे ओढून पाहते, तिकडे खेंचून पाहते, आंतबाहेर करते, आणि मनास आलें नाहीं तर दुसऱ्या खोप्याकडे जाते. आपल्याकडे वधूपरीक्षा होते. येथें घराची परीक्षा होते आणि परीक्षक वधू असते. एखादा खोपा पसंत पडला म्हणजे ती त्याचा ताबा घेते. मग त्या नराचा तिनें स्वीकार केला असें होतें. म्हणजे वराच्या आधीं घर पसंत, आणि घराबरोबर वर!

पसंती मिळतांच नर पुन्हां कामाला लागतो. अंडीं ठेवण्याची खोली बंद करतो, आणि खालच्या दिशेनें उतरणारी प्रवेशाची नळी विणतो. मादी पांढरीं दोन ते चार अंडीं घालते आणि सुमारें दोन आठवडे तीं उबविते. नर काय करतो? त्याच झाडावर, थोड्या अंतरावर, दुसरा खोपा विणावयास घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. दुसरीहि मिळाली तर तिसरा. अशा रीतीनें एका हंगामांत एका नराचे दोन-तीन संसार होऊं शकतात, पण ते एकदम नव्हे, एकामागून एक. ज्याचा खोपा कोणालाच पसंत पडला नाहीं, तो खोपा तसाच अर्धा राहतो. झाडावर लोंबणारे ते पाळणे म्हणजे झोके घेण्याचीं साधनें नव्हेत. त्यांतले कांहीं तरी नाकारलेलीं स्थळें आहेत.

मग प्रश्न उरतो तो मादीच्या पसंतीचा. ती विणकाम पाहते कीं जागा? २००५ सालच्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें आढळलें कीं, विणीच्या कौशल्यापेक्षां खोप्याची जागा तिला अधिक महत्त्वाची वाटते. झाड उंच आहे कां, कांटेरी आहे कां, फांदी बारीक आहे कां, या गोष्टी ती आधीं पाहते. विचार केला तर हें अगदीं शहाणपणाचें आहे. पिलांना भय सापाचें, कावळ्याचें, खारीचें. जागा चुकली तर उत्तम विणीचा खोपाहि पिलें वांचवीत नाहीं. कुंजपक्ष्याची मादी नराचें अंगण पाहून त्याची योग्यता ठरविते, कारण त्या कुंजांत तिला राहावयाचें नसतें. सुगरणीची मादी ज्या घराची परीक्षा घेते, त्याच घरांत तिला पिलें वाढवावयाचीं असतात. म्हणून शोभेपेक्षां सुरक्षितता तिला मोठी वाटते. दोघींचा विवाहविधि वरवर सारखा दिसला, तरी त्यामागील हिशेब वेगळा आहे.

शोभेची हौस सुगरण कुळांत अगदींच नाहीं असें मात्र नव्हे. काळ्या छातीची एक निराळी सुगरण बोरूच्या व लव्हाळ्यांच्या दाटींत खोपा बांधते. तिचा नर अर्धवट खोप्यावर ओल्या चिखलाचे किंवा शेणाचे गोळे लावून त्यांवर रंगीत पाकळ्या चिकटवितो. आपल्या नेहमींच्या सुगरणीच्या खोप्यांतहि चिखलाचे गोळे सांपडतात. या गोळ्यांत काजवे चिकटवून सुगरण घरांत दिवा लावते, असा समज फार जुना आहे. तो ऐकावयास गोड आहे, परंतु खरा नाहीं. वाऱ्यानें खोपा फार हेलकावूं नये म्हणून हें वजन असावें, असें सामान्यतः मानतात.

विणणें उपजत येतें कीं शिकावें लागतें, असाहि प्रश्न मुलें विचारतात. आफ्रिकेंत सुगरण कुळाच्या पुष्कळ जाती आहेत. त्यांपैकीं एका जातीवर कोलियस या अमेरिकन दांपत्यानें प्रयोग केले. ज्या तरुण नरांना लहानपणीं विणण्याजोगें गवतच मिळूं दिलें नाहीं, ते पुढें गवत मिळाल्यावरहि नीट विणूं शकले नाहींत. म्हणजे प्रवृत्ति जन्मजात, पण हात बसण्यास सराव लागतो. ही गोष्ट शाळामास्तरांस विशेष समाधान देणारी आहे.

आतां आपल्या घरची गोष्ट. १९७० सालीं सिडको मंडळाची स्थापना झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवांच्या जमिनीवर नवी मुंबई आंखली गेली. त्यापूर्वीं येथें भातशेती, मिठागरें आणि खाजणें होतीं. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर हीं नगरें उठलीं. १९८९ सालीं न्हावा-शेवा येथें मोठें बंदर सुरू झालें. २०२५ सालीं विमानतळाचें उद्घाटन झालें. माणसांना घरें हवींत, बंदर हवें, विमान हवें. याविषयीं तक्रार करण्याचें कारण नाहीं. परंतु या वाढींत कोणत्या प्रकारची जमीन आधीं जाते, तें पाहावें. पनवेलजवळ कर्नाळ्याचें जंगल १९६८ सालापासून पक्ष्यांसाठीं राखलेलें आहे. ठाण्याच्या खाडींत रोहितांसाठीं २०१५ सालीं अभयारण्य झालें. हीं दोन्हीं कामें उत्तम झालीं. परंतु सुगरण डोंगराच्या दाट झाडींत राहत नाहीं आणि खाडीच्या चिखलांतहि राहत नाहीं. ती या दोहोंच्या मधल्या जमिनींत राहते: बांधावरची शिंदी, पडलेली विहीर, गांवकुसाबाहेरचें गवत. या जमिनीला कोणी अरण्य म्हणत नाहीं. नकाशावर ती मोकळी जागा म्हणून दाखविली जाते, आणि मोकळी जागा म्हणजे बांधावयाची जागा!

सुगरणीची जात नष्ट होण्याच्या पंथास लागली आहे, असें म्हणणें खरें होणार नाहीं. ती देशभर आहे. परंतु वर सांगितलेल्या तीन गोष्टींपैकीं एक जरी गेली, तरी त्या जागेवरची वस्ती उठते. शिंदी उभी राहिली पण भोंवतालचें गवत कापलें, तर विणावयास सूत नाहीं. गवत राहिलें पण झाड तोडलें, तर टांगावयास खुंटी नाहीं. दोन्हीं राहिलीं पण शेत बुजवून फरशी घातली, तर पिलांच्या तोंडांत घालावयास किडा नाहीं. जात देशांत टिकून राहील, आणि तरीहि आपल्या नातवंडांना ती केवळ पुस्तकांत दिसेल, असें होऊं शकतें.

यासाठीं फार मोठा त्याग करावा लागतो असें नाहीं. गृहसंस्थेच्या कुंपणालगत एखादी शिंदी किंवा बाभूळ असेल, तर ती ओबडधोबड दिसते म्हणून तोडूं नये. तिच्या जवळपासचें उंच गवत जूनपासून सप्टेंबरपर्यंत कापूं नये. दसरा होऊन गेल्यावर खुशाल कापावें. आणि दिवाणखान्यांत टांगण्यासाठीं खोपा झाडावरून कधींहि तोडूं नये. पावसाळ्यांत तोडलेल्या खोप्यांत बहुधा अंडीं किंवा पिलें असतात, आणि पिलांचा सांभाळ मुख्यतः मादीवर पडतो. घर गेल्यावर तिची सारी मेहनत वायां जाते. हंगाम संपल्यावरहि रिकाम्या खोप्यांत मुनियांसारखे लहान पक्षी बिऱ्हाड करतात. मुलांना खोपा दाखवावयाचाच असेल, तर वाऱ्यानें खालीं पडलेला जुना खोपा उचलून आणावा. तो उलगडून पाहावा; त्यांतील एकेक पट्टी मोजावी. पांचशें फेऱ्या म्हणजे काय, हें मुलाला सांगावें लागणार नाहीं.

श्रोतेहो, येत्या पावसाळ्यांत उरणच्या किंवा पनवेलच्या रस्त्यानें जातांना बांधावरच्या शिंदीकडे, तिच्या पूर्व बाजूला, अवश्य पाहा. पिवळ्या डोक्याचा पक्षी अर्ध्या खोप्याला लोंबकळून पंख फडफडवीत असेल, तर समजावें कीं, घर दाखविण्याचें काम चालू आहे आणि परीक्षक मंडळी आलेली आहेत. थोडा वेळ थांबून पाहण्यास तिकीट पडत नाहीं.